फुटलेल्या हातांची विद्या

एर्विन बेल्झ हा जर्मन डॉक्टर १८७६ साली जपानला आला, तो तोक्योतल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवायला. १९०५ साली तो मायदेशी परतला तोवर जपानी डॉक्टरांची एक अख्खी पिढी त्याच्या हाताखालून गेली होती. पण सामान्य जपानी घरांत त्याचं नाव पोचलं ते एका मोलकरणीच्या हातांमुळे. १८८३ साली तो हाकोनेच्या डोंगरात, मियानोशिता गावच्या फुजिया हॉटेलात उतरला होता. तिथे राबणाऱ्या एका मुलीचे हात त्याला दिसले. पाण्यात राहून राहून ते पार फुटले होते. त्याने तिच्यासाठी एक पातळ औषध लिहून दिलं. जपानी माणसं त्याला आजही ‘बेल्झ-सुइ’, म्हणजे बेल्झचं पाणी म्हणतात.

हे औषध पुढे जपानच्या सरकारी औषधसंहितेत गेलं. तिथलं प्रमाण असं: एक लिटरमागे पोटॅशियम हायड्रॉक्साइड ३ ग्रॅम, ग्लिसरीन २०० मिलिलिटर, अल्कोहोल २५० मिलिलिटर, वासापुरतं सुगंधी द्रव्य आणि बाकी पाणी. मी फार्मसी शिकलेली बाई. पुण्यात आधी औषधाच्या दुकानात आणि मग मलमं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी काम केलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योत निशी-कासाईला राहायला आले, आणि तिथे ही कृती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यात एक विचारी माणूस दिसला. क्षार अगदी थोडा, कडक झालेली कातडी मऊ करण्यापुरता. ग्लिसरीन पाणी धरून ठेवायला. अल्कोहोल चटकन उडून जावं म्हणून. तेल, चरबी, मेण यांतलं काहीच नाही. कारण त्या मुलीला औषध लावून बसून राहता येणार नव्हतं. लगेच ताटं उचलायची होती, अंथरुणं घालायची होती, आणि तेलकट हाताने ती कामं होत नाहीत.

आपल्याकडे अलीकडे ‘जपानी स्किनकेअर’ म्हटलं की चेहरा डोळ्यांपुढे येतो. नाजूक बाटल्या, एकावर एक लावायचे थर, आरशासमोरचा निवांत वेळ. ते खोटं नाही. पण थंडीत त्वचा कशी राखावी याची जी समज जपानने पिढ्यान्‌पिढ्या जमवली, ती मुख्यतः हातांवर जमवली आहे, आणि तीसुद्धा गार पाण्यात राबणाऱ्या हातांवर. त्या हातांचा इतिहास सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात चार ओळींत उरकला जातो. मला तो सविस्तर सांगायचा आहे.

आधी तिथली थंडी समजून घेतली पाहिजे. हिवाळ्यात सायबेरियावरून निघालेला गार, कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना ओलावा उचलतो. देशाच्या मधोमध उभ्या डोंगररांगांना तो धडकतो आणि निइगाता, अकिता या पश्चिमेकडच्या भागांत सगळा ओलावा बर्फ होऊन कोसळतो. डोंगर ओलांडून तोच वारा तोक्योच्या मैदानात उतरतो तेव्हा कोरडाठाक झालेला असतो. म्हणून निइगाता बर्फाखाली असताना तोक्योत जानेवारीभर लख्ख ऊन पडतं आणि ओठ उलतात. बर्फाळ प्रदेशातल्या बायकांची कांती चांगली, हा समज जपानात सर्वत्र आहे, आणि त्यामागे हवेतला हा ओलावा आहे. सुझुकी बोकुशी या व्यापाऱ्याने १८३७ साली ‘होकुएत्सु सेप्पु’ या ग्रंथात एचिगोच्या, म्हणजे आजच्या निइगाताच्या, बर्फातलं जगणं नोंदवलं. तिथल्या बायका हिवाळाभर बसून ‘चिजिमी’ हे तलम कापड विणत. त्याचं सूत कोरड्या हवेत तुटतं आणि बर्फाच्या दमट हवेत टिकतं. जी हवा सूत राखते ती कातडीही राखते.

पण हवा ही निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी पाण्याची. जपानचे कितीतरी जुने धंदे हिवाळ्यातच चालायचे आणि तेही पाण्यात. हाताने बनवायच्या ‘वाशी’ कागदासाठी कोझोच्या सालीचे तंतू गार वाहत्या पाण्यात धुवायचे, त्यातली काडी न् काडी बोटांनी वेचायची. गारठ्यात लगदा नासत नाही, म्हणून चांगला कागद थंडीतलाच. साके गाळायचा हंगामही थंडीतलाच, आणि त्याची सुरुवात तांदूळ धुण्यापासून. एदोच्या उपसागरात ‘नोरी’ हे समुद्रशेवाळ काढायचं तेही ऐन हिवाळ्यात, होडीतून वाकून, उघड्या हातांनी. त्यात प्रत्येक घरातलं धुणं, भांडी आणि तांदूळ धुणं मिळवा. त्वचेवर बारीक चिरा पडल्या की ‘हिबि’, त्या खोल जाऊन रक्त येऊ लागलं की ‘आकागिरे’, आणि बोटं सुजून लाल होऊन खाजू लागली की ‘शिमोयाके’. ही तीन नावं तिथे लहान मुलालाही माहीत असतात.

या हातांचा पहिला आधार होता सार्वजनिक न्हाणीघर, म्हणजे ‘सेन्तो’. एदो शहरात, म्हणजे जुन्या तोक्योत, बहुतेक घरांत न्हाणी नसायची. दिवसभराचं काम संपवून माणसं गल्लीतल्या सेन्तोत जात. शिकितेइ सान्बा या विनोदी लेखकाचा ‘उकियोबुरो’ हा ग्रंथ १८०९ पासून भागाभागांनी निघाला आणि तो सबंध अशाच एका न्हाणीघरातल्या गप्पांवर रचलेला आहे. बायका तिथे जाताना बरोबर ‘नुकाबुकुरो’ नेत, म्हणजे तांदळाच्या कोंड्याची थैली. एदोत पॉलिश केलेल्या पांढऱ्या भाताची चटक लागली होती, त्यामुळे कोंड्याला तोटा नव्हता.

ही थैली मी करून पाहिली आहे. जपानात गावाकडे रस्त्याच्या कडेला तांदूळ सडून देणारी यंत्रं असतात, नाणं टाकलं की चालतात. तिथून ताजा कोंडा आणला. ताजाच लागतो, कारण त्यातलं तेल लवकर खवट होतं. तळहाताएवढ्या सुती थैलीत दोन मुठी कोंडा भरला, तोंड घट्ट बांधलं आणि कोमट पाण्यात बुडवून हलकेच पिळलं. दुधाळ, पिवळसर पाणी येतं, बोटांना बुळबुळीत लागतं, नुकत्या सडलेल्या तांदळाचा वास येतो. थैली अंगावर घासायची नसते, तिने नुसतं टिपत जायचं. मळ निघतो, पण साबणाने जशी कातडी आवळते तशी आवळत नाही. कारण सरळ आहे. साबण मळाबरोबर अंगचं तेलही नेतो. कोंड्यात मुळात पंधरा ते वीस टक्के तेल असतं, त्यातलं थोडं तो मागे ठेवतो.

वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी पाण्यात ‘युझु’ ही लिंबाच्या जातीची फळं सोडून स्नान करायची प्रथाही एदोच्या न्हाणीघरांतून रुळली. ती अजून घरोघर पाळतात. वास फार सुंदर येतो. मात्र सालीतलं तेल उघड्या भेगांना झोंबतं, तेव्हा हात फुटलेल्या माणसाने ती फळं पाण्यात पिळू नयेत.

आंघोळीनंतर तेल. इझु-ओशिमा बेटावर आणि नागासाकीजवळच्या गोतो बेटांवर ‘त्सुबाकी’ची झाडं उदंड. ही चहाच्या कुळातली, भर थंडीत लाल फुलं येणारी झाडं. शरद ऋतूत बिया वेचायच्या, वाळवून कुटायच्या, वाफवून घाण्यात पिळायच्या. या तेलात ऑलिइक आम्ल ऐंशी टक्क्यांच्या वर असतं, त्यामुळे ते हवेत सहसा चिकट होत नाही. लौकिक केसांचं तेल म्हणून, पण बेटांवरच्या बायका तेच हातापायांनाही लावत. ओल्या अंगावर दोन थेंब, आत मुरलेल्या पाण्यावर झाकण घालावं तसे.

याच काळात चेहऱ्याची विद्याही भरभराटीला आली. १८१३ साली ‘मियाको फूझोकु केवाइदेन’ हे सजण्याचं पुस्तक निघालं आणि शंभराहून अधिक वर्षं पुन्हा पुन्हा छापलं गेलं. रानगुलाबाची फुलं ऊर्ध्वपातनाने गाळून चेहऱ्याला लावायचं पाणी कसं करावं, हे त्यात दिलं आहे. त्यासाठीचं ‘रानबिकी’ हे मातीचं भांडं पोर्तुगीजांच्या ओळखीतून आलं. त्यांची गलबतं गोव्याहून निघून मकावमार्गे नागासाकीला जात. ‘उकियोबुरो’चा लेखक सान्बाही स्वतः १८११ पासून ‘एदो नो मिझु’ नावाचं चेहऱ्याचं पाणी विकत होता आणि आपल्या गोष्टींतून त्याची जाहिरातही करत होता. घोसाळ्याचा वेल कापून त्यातून झिरपणारं पाणी बाटलीत धरायचं आणि चेहऱ्याला लावायचं, हा उपायही तेव्हाचाच. हे सगळं मोलाचं आहे. पण त्याच चेहऱ्यावर पांढरं शिसंही फासलं जात होतं. ६९२ साली कान्जो नावाच्या भिक्षूने सम्राज्ञी जितोला शिशाची पावडर करून दिली, तेव्हापासून गोऱ्या रंगाच्या हौसेने किती शरीरं पोखरली त्याची गणती नाही. १८८७ साली सम्राट मेइजीपुढे काबुकी चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नटाचा पाय थरथरू लागला आणि शिशाच्या विषबाधेची चर्चा देशभर झाली. चेहऱ्यासाठी विष पत्करलं जात होतं त्याच शतकांत हातांसाठी औषध तयार होत होतं, हे मला लक्षात ठेवावंसं वाटतं.

त्या औषधातलं सर्वांत थोर नाव ‘शिउन्को’, जांभळं मलम. ते हानाओका सेइशू (१७६०–१८३५) या शल्यवैद्याचं. किइ प्रांतातल्या, म्हणजे आजच्या वाकायामातल्या, एका खेड्यात तो राहायचा. १८०४ साली वनस्पतींपासून केलेलं भुलीचं औषध पाजून त्याने स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. युरोप-अमेरिकेत ईथर यायला तेव्हा चाळीस वर्षं होती. अशा माणसाने भेगा, चटके आणि हिवाळी सूज यांच्या मलमातही मन घातलं. मूळ कृती चिनी, चेन शिगोंगच्या १६१७ सालच्या शल्यग्रंथातली. सेइशूने तीत डुकराची चरबी मिळवली आणि मलम अधिक मऊ झालं, कातडीत सहज शिरू लागलं.

तोक्योत कान्पो, म्हणजे चिनी परंपरेतली जपानी औषधं विकणारं एक दुकान आहे. तिथे हे मलम करायला शिकवतात, म्हणून मी गेले. एक लिटर तिळाच्या तेलाला साधारण तीन-चारशे ग्रॅम मधमाश्यांचं मेण आणि वीस-तीस ग्रॅम चरबी. तेल तापवून त्यात मेण आणि चरबी वितळवायची. मग ‘तोकी’ या मुळीचे तुकडे टाकायचे, ते करपल्यासारखे होईपर्यंत तळायचे आणि काढून घ्यायचे. शेवटी ‘शिकोन’ची मुळं. इथेच हात सांभाळावा लागतो. तेल १४० अंशांच्या आसपास हवं. त्यापेक्षा फार तापलं तर रंग जळून काळपट होतो, निवलं असेल तर रंग उतरतच नाही. मुळं पडली की तेल फसफसून वर येतं आणि बघता बघता गर्द जांभळं होतं. शिकवणाऱ्या बाई थर्मामीटर धरून उभ्या होत्या, पण नजर फेसाच्या रंगावर होती. लगेच गाळलं आणि डब्यांत ओतलं. भाजलेल्या तिळाचा नि चरबीचा उग्र वास दिवसभर माझ्या कपड्यांना होता.

शिकोनचा तो रंग म्हणजे शिकोनिन. त्याची रासायनिक रचना कुरोदा चिका या बाईंनी उलगडली आणि १९१८ साली प्रसिद्ध केली. १९१३ साली तोहोकु विद्यापीठाने पहिल्यांदा मुली घेतल्या, त्यांत त्या होत्या. त्या जपानच्या पहिल्या महिला विज्ञान-पदवीधर. आपल्याकडे केसांच्या तेलाला आणि रोगनजोशला लाली आणणारी रतनजोत त्याच कुळातली. तिच्यातला अल्कॅनिन हा रेणू म्हणजे आरशात पाहिलेला शिकोनिन.

शिउन्को उत्तम, पण कामाच्या वेळी लावायला गैरसोयीचं. कपड्यांना जांभळे डाग पडतात, हात निसटतात. बेल्झने जे ओळखलं ते हेच, आणि पुढचं शतक जपानी औषधवाले याच प्रश्नाशी झुंजले: काम करता करता लावता येईल असं काय द्यावं? १८९७ साली शिसेइदोने ‘युडरमिन’ नावाचं लाल पाणी काढलं. ते गिन्झाच्या शौकीन गिऱ्हाइकांसाठी होतं, पण त्यामुळे औषधाच्या दुकानातून त्वचेचं पाणी विकत आणायची सवय लागली. १९०५ साली इंग्रजी शिकवायला आलेला विल्यम मेरेल व्होरीझ हा अमेरिकन गृहस्थ बिवा सरोवराकाठच्या ओमी-हाचिमान गावात स्थिरावला. १९२० साली त्याच्या संस्थेने ‘मेन्थोलेटम’ आणून विकायला सुरुवात केली. पेट्रोलियम जेली, मेन्थॉल आणि कापूर यांचं हे मलम घराघरांत गेलं. मेन्थॉलने खाज शमते, भेग भरायला मदत करते ती जेली, आणि दोन्हींची गरज असते, कारण खाज थांबली नाही तर नखं आवरत नाहीत.

सगळ्यात मला भावते ती कावासाकीची हकिकत. दुसऱ्या महायुद्धानंतर ते कारखान्यांचं शहर पुन्हा उभं राहत होतं. एका लहान औषध-दुकानात हात फुटलेली एक बाई आली. मिळतात ती मलमं चिकट असतात, ती लावून काम करता येत नाही, हे तिचं गाऱ्हाणं. दुकानदाराने ते मनावर घेतलं, प्रयोग केले आणि १९५७ साली ‘युस्किन’ बाजारात आणलं. भरपूर ग्लिसरीन, मुरून जाणारं क्रीम, आणि ब-२ जीवनसत्त्वामुळे आलेला पिवळा रंग. आजही तोक्योच्या कुठल्याही औषध-दुकानात थंडीत हा पिवळा डबा समोर मांडलेला असतो. बेल्झपुढे हॉटेलातली मोलकरीण होती, कावासाकीत ही कष्टकरी बाई. दोन्ही वेळा औषधाचं रूप हाताच्या कामाने ठरवलं.

शास्त्राने या अनुभवाला पुढे नाव दिलं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मृत पेशी असतात आणि त्यांच्या फटींत सिरॅमाइड नावाची चरबी भरलेली असते. ती आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवते. १९९१ साली गेन्जी इमोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ॲटोपिक त्वचारोगाच्या रुग्णांत हे सिरॅमाइड कमी असतं. कोरडी त्वचा ही नुसती रूपाची बाब नाही, फुटलेल्या तटबंदीची आहे, हे त्यातून पक्कं झालं. साबणाने, कढत पाण्याने आणि खसाखसा घासण्याने आपण हीच चरबी धुऊन टाकतो. कोंड्याची थैली, नुसतं टिपणं, ओल्या अंगावरचं तेल, या सगळ्यांचा अर्थ इथे लागतो.

तेव्हा थंडीचे जपानी नियम म्हणून कुणी मला विचारलं तर मी चारच सांगते. पाणी कोमट घ्या, कढत नको. घासू नका, टिपा. अंग ओलसर असतानाच पाणी धरणारं काहीतरी लावा, ग्लिसरीनसारखं. त्यावर थोडं तेल किंवा मलम. भेग खोल असेल, रक्त किंवा पू येत असेल, तर डॉक्टरकडे जा. आणि बेल्झचं पाणी घरी करू नका. त्यातला क्षार तोलण्यात किंचित चुकला तर हात भाजतील.

माझं माहेर संगमेश्वरचं. आमच्याकडे पायांच्या जळवातीवर भिरंडेल लावतात, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. बिया सुकवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल निवलं की घट्ट होतं, त्याचे गोळे वळायचे. आई रात्री पाय धुऊन, ओलसर टाचांवर तो गोळा दिव्यावर कोमट करून फिरवायची. ओशिमाच्या बायकांना तिने कधी पाहिलं नव्हतं, पण क्रम तोच होता: आधी पाणी, मग स्निग्ध. आपल्याजवळ ही विद्या नाही असं नव्हे. उणीव असेल तर ती पुढच्या पायरीची आहे. हात फुटलेल्या बाईला काय हवं ते विचारून, तिच्या कामाला सोयीचं औषध घडवायचं आणि ते स्वस्तात, सर्वत्र मिळेल असं करायचं, हे जपानी औषधवाल्यांनी केलं. आपण भिरंडेल घरात ठेवलं आणि क्रीम चेहऱ्यासाठी विकत घेतलं.

नाशिकच्या थंडीत सकाळी सहाला नळाच्या गार पाण्यात चार घरची भांडी घासणाऱ्या बाईंचे हात आपण रोज पाहतो. त्या हातांना लागतं ते फार महाग नाही. ग्लिसरीन असलेलं न चिकटणारं क्रीम मोरीजवळ ठेवावं, पाणी कोमट करून द्यावं, हातमोजे आणून द्यावेत, आणि काम संपल्यावर “ताई, हे लावून मग निघा” एवढं आवर्जून म्हणावं. जपानी त्वचानिगेचं आपल्याकडे इतकं कौतुक होतं, तर तिची सुरुवात जिथून झाली तिथूनच आपणही करावी, असं मला मनापासून वाटतं.